पाणी तापायला इतका वेळ का लागतो? घरच्या गिझरवरून उष्णतेचे गणित



डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या हजेरीच्या वेळी एक कारण हमखास ऐकू येतं, "बाई, पाणीच तापलं नव्हतं." आपण बऱ्याचदा ती सबब समजून पुढे जातो. पण त्या एका वाक्यामागे घरात काय काय घडत असतं ते बघा. गिझर 'गेला' असं ठरतं. नवीन घ्यायचा विषय निघतो. तोवर घाईसाठी बादलीत हीटिंग रॉड सोडला जातो आणि त्याच बादलीशेजारी मूल टॉवेल घेऊन उभं असतं. काळजीची गोष्ट ही आहे.

खरं तर गिझर बिघडला आहे की तो आपला नेहमीचाच वेळ घेतोय, हे ठरवायला पाचवीच्या मुलाचं गणित पुरतं. मेकॅनिकला बोलावण्याआधी, आणि रॉड हातात घेण्याआधी तर नक्कीच, हा हिशेब घरी करावा. परिसर अभ्यास आणि गणित या दोन्ही तासांना जोडून घेता येईल असा हा पाठ आहे.

या पाठातून मुलांना काय यावे?

१. ठरावीक पाणी तापायला ठरावीक उष्णता लागते, हे समजावे.
२. गुणाकार-भागाकार वापरून पाणी तापण्याचा वेळ काढता यावा.
३. अपेक्षित वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांची तुलना करून कारण शोधता यावे.
४. गरम पाणी आणि वीज यांबाबतचे सुरक्षेचे नियम पाळता यावेत.

आधी गणित: किती वेळ लागायलाच हवा?

एक लीटर पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे पाणी किती लीटर आणि ते किती अंशांनी तापवायचं, या दोन संख्यांचा गुणाकार केला की लागणारी उष्णता मिळाली.

आता ती उष्णता देणार कोण? गिझरवर किंवा रॉडवर वॅट लिहिलेले असतात. १००० वॅट म्हणजे १ किलोवॅट. एक किलोवॅटचं उपकरण एका तासात एक युनिट वीज वापरतं आणि त्यातून सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. ८६० ला ६० ने भागलं तर एका मिनिटाला साधारण १४ किलोकॅलरी येतात. हा १४ आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

मिनिटे = (लीटर × वाढवायचे अंश) ÷ (१४ × किलोवॅट)

उदाहरण घेऊ. घरात १५ लीटरचा, २ किलोवॅटचा गिझर आहे. पाणी २० अंशांवर आहे, ६० अंशांपर्यंत तापवायचं आहे. वाढ ४० अंश. १५ × ४० = ६००. खाली १४ × २ = २८. ६०० भागिले २८, म्हणजे सुमारे २१ मिनिटं.

याच पद्धतीने काही उत्तरं काढून ठेवू:

- २५ लीटरचा गिझर, २ किलोवॅट, २० ते ६० अंश: सुमारे ३६ मिनिटे
- १५ लीटरची बादली, १५०० वॅटचा रॉड, २० ते ४५ अंश: सुमारे १८ मिनिटे
- तीच बादली, १००० वॅटचा रॉड: सुमारे २७ मिनिटे

थोडी उष्णता भांड्याला आणि हवेला जाते, त्यामुळे प्रत्यक्षात काही मिनिटं जास्त लागतात. पाचातला एक भाग इतका फरक असेल तर त्याला बिघाड म्हणू नका. दीडपट-दुप्पट वेळ लागत असेल, तर मात्र शोध घ्यायला हवा.

हिवाळ्यात गिझर 'म्हातारा' होतो का?

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २८ अंशांवर असेल, तर ६० अंशांपर्यंत ३२ अंशांचाच प्रवास राहतो. १५ × ३२ = ४८०, भागिले २८, म्हणजे १७ मिनिटं. कडाक्याच्या थंडीत तेच पाणी १६ अंशांवर असेल तर वाढ ४४ अंशांची. १५ × ४४ = ६६०, म्हणजे जवळजवळ २४ मिनिटं.

गिझर तोच, पाणी तेवढंच, तरी सात मिनिटांचा फरक पडला. यात गिझरचा काही दोष नाही, पाणीच जास्त गार होतं. मुलांना हा हिशेब फार आवडतो, कारण "मागच्या महिन्यात तर लवकर तापायचं" या घरातल्या वाक्याचं उत्तर त्यांच्या वहीत सापडतं.

आमच्या वर्गात एकाच्या घरी १५०० वॅटच्या रॉडला अर्धा तास लागत होता आणि नवा रॉड आणायचं ठरत होतं. त्याने एक लीटरच्या बाटलीने बादली मोजली. सगळे १५ लीटर धरून चालले होते, ती निघाली २० लीटरची. सकाळी पाणी १७ अंशांवर होतं. २० × २८ = ५६०, भागिले २१, म्हणजे साधारण २७ मिनिटं. रॉड अगदी ठीक होता. बादली मोठी होती, एवढंच.

तरीही उशीर होतोय? तीन प्रश्न विचारा

हिशेबापेक्षा बराच जास्त वेळ लागत असेल, तर पुढचे तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे.

प्रश्न पहिला: उष्णता पुरेशी तयार होते का?

याचं उत्तर विजेचा मीटर देतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२०० किंवा १६००. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गिझर चालू ठेवा आणि अर्धा मिनिट मोजा. दोन किलोवॅटचा गिझर अर्ध्या मिनिटात एका युनिटचा साठावा भाग वापरतो. म्हणजे ३२०० च्या मीटरवर सुमारे ५३ वेळा आणि १६०० च्या मीटरवर सुमारे २७ वेळा दिवा लुकलुकायला हवा. मोजताना चुकत असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजा.

आता निष्कर्ष काढू.

लुकलुक जवळजवळ थांबलेलीच असेल आणि पाणीही गार असेल, तर कॉइल, थर्मोस्टॅट किंवा कटआउट यांपैकी काहीतरी बंद पडलं आहे. इथे मेकॅनिकच हवा.

लुकलुक आधी बरोबर असते, पण पाणी कोमट झालं की लगेच थांबते? मग थर्मोस्टॅट वेळेआधी वीज तोडतोय. बाहेर तापमानाचं बटण असेल तर ते कुणी कमी तर केलं नाही ना, ते आधी बघा. बटण बरोबर असेल तर थर्मोस्टॅट तपासून घ्यावा लागेल.

लुकलुक चालू आहे पण कमी आहे? मग व्होल्टेजचा संशय घ्या. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा धरलेला असतो. व्होल्टेज कमी झालं की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. व्होल्टेज निम्मं झालं तर उष्णता निम्मी राहत नाही, पावच उरते. २०० व्होल्ट मिळाले तर २ किलोवॅटचा गिझर दीड किलोवॅटसारखा वागतो आणि २१ मिनिटांचं काम २९ मिनिटांवर जातं. १८० व्होल्टवर तेच काम ३५ मिनिटांचं होतं.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी २५ लीटरच्या गिझरला सकाळी तासाभराहून जास्त वेळ लागायचा. ३२०० च्या मीटरवर अर्ध्या मिनिटात ५३ ऐवजी ३० च्या आसपासच लुकलुक मोजली गेली. दुपारी पुन्हा मोजलं तर ५० भरली. त्या वस्तीवर पहाटेपासून शेतीच्या मोटारी चालू असतात. गिझरमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. घरच्यांनी मोटारी सुरू व्हायच्या आधी पाणी तापवून ठेवायला सुरुवात केली आणि वायरमनला व्होल्टेजबद्दल सांगितलं.

प्रश्न दुसरा: उष्णता पाण्यापर्यंत पोहोचते का?

इथे सगळ्यांना आठवतात ते क्षार. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्यातून मुरत आलेल्या बोअरच्या आणि विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बऱ्यापैकी असतात. साबणाला फेस येत नाही, तेच हे जड पाणी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लीटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. असं पाणी तापलं की त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट बदलतं आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. पातेल्याच्या तळाला बसणारा पांढरा पापुद्रा तोच.

पण एक बारीक गोष्ट मुलांना आणि आपल्यालाही समजायला हवी. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असते. तिच्यात शिरलेल्या विजेची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, तिला दुसरी वाट नसते. त्यामुळे कॉइलवर थर बसला म्हणून पाणी दुप्पट वेळ घेईल असं सहसा होत नाही. थर बाहेर पडणारी उष्णता अडवतो, त्यामुळे कॉइल स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस जळते. थर्मोस्टॅटच्या नळीभोवती क्षार साचले तर त्याला पाण्याचं खरं तापमान कळत नाही आणि तो भलत्याच वेळी वीज तोडतो. तळाशी साठलेल्या चुऱ्यामुळे टाकीत पाणी कमी मावतं. म्हणून जड पाण्याच्या गावात वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करून घेणं शहाणपणाचं.

बंबाची गोष्ट मात्र वेगळी. अजूनही अनेक घरांत अंगणात तांब्याचा बंब पेटतो. तिथे आग एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला असतं, मध्ये धातूची भिंत. त्या भिंतीला आगीकडून काजळी आणि पाण्याकडून क्षार चिकटले की उष्णता पलीकडे न जाता धुरासोबत वर निघून जाते. म्हणून बंबाला वेळ लागायला लागला की मधली नळी खरवडून काजळी काढा. खालची राख साफ करा, हवा खेळू द्या. जळण वाळलेलं वापरा. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्याच्यातलंच पाणी उडवण्यात खर्च होते. गॅस गिझरलाही हाच नियम लागू पडतो. त्याच्या नळ्यांत क्षार साचले की वाहतं पाणी कमी तापतं.

सौर हीटर असेल तर आधी नळ्यांवरची धूळ पुसा आणि नवीन झाडाची किंवा शेजारच्या बांधकामाची सावली पडते का ते बघा. रात्री कुणी भरपूर गरम पाणी वापरलं असेल तर टाकीत तेवढं गार पाणी शिरलेलं असतं आणि ते तापवायला रात्री सूर्य नाही. सकाळच्या तक्रारीचं कारण बऱ्याचदा आदल्या रात्रीचं असतं.

प्रश्न तिसरा: तापलेलं पाणी जातं कुठे?

मीटर बरोबर, गिझर बरोबर, तरी नळाला कोमटच पाणी. मग गार पाणी मध्येच मिसळतंय का ते पाहू. गिझरचं बटण बंद करा. गिझरकडे येणाऱ्या गार पाण्याचा कॉक बंद करा आणि बाथरूममधला फक्त गरम नळ सोडा. थोड्या वेळात पाणी थांबायला हवं. ते वाहतच राहिलं, तर कुठल्या तरी मिक्सर नळातून गार पाणी गरम पाइपात शिरतंय. हे काम प्लंबरचं आहे, गिझर बदलून काही होणार नाही.

दुसरं कारण लांब पाइप. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या १० मीटर पाइपात पावणेदोन लीटरच्या आसपास पाणी मावतं. नळ सोडल्यावर आधी हेच गार पाणी येतं. ते वाहू देण्यापेक्षा बादलीत धरा, वापरता येतं.

तिसरं कारण म्हणजे अंघोळीचा नंबर. १५ लीटर ६० अंशांच्या पाण्यात तेवढंच २० अंशांचं पाणी मिसळलं तर ३० लीटर पाणी ४० अंशांवर मिळतं, म्हणजे १५ लीटरच्या दोन बादल्या. घरात चार माणसं असतील तर गिझर दोनदा तापायला हवा आणि त्याला एकूण ४२ मिनिटं लागणारच. तिसऱ्या नंबरला जाणारं मूल "गिझर बिघडलाय" म्हणतं, कारण त्याच्या वाट्याला नुकतंच भरलेलं गार पाणी येतं. पालकहो, शाळेत जाणाऱ्या मुलांचा नंबर पहिल्या दोनांत लावा. बऱ्याच घरांत एवढ्याने प्रश्न सुटतो.

वर्गात घेण्यासारख्या कृती

१. वेळेची नोंद: मुलांनी आठवडाभर घरी पाणी किती वाजता तापायला ठेवलं आणि किती वाजता तापलं याची नोंद ठेवावी. बटण मोठ्यांनीच दाबायचं, मुलांनी फक्त घड्याळ बघायचं. नंतर वर्गात सूत्राने येणारा वेळ काढून शेजारी लिहावा. ज्यांच्याकडे चूल किंवा बंब आहे, त्यांनी ओलं आणि सुकं जळण यांची तुलना करावी. त्यामुळे गिझर नसलेलं मूल मागे राहत नाही.

२. पापुद्र्याची ओळख: पातेल्यातला किंवा जुन्या कॉइलवरचा पांढरा थर खरवडून वाटीत घ्यावा आणि त्यावर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आले तर तो कार्बोनेटचा थर आहे. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे.

३. मिश्रणाचे तापमान: एक पेला कोमट आणि एक पेला गार पाणी घ्या. दोन्हींचं तापमान मोजा, मिसळल्यावर किती होईल याचा आधी अंदाज लिहून घ्या, मग मोजा. सरासरी शिकवायला याहून सोपं साधन नाही. तापमापी प्रयोगशाळेची वापरा, तापाची नको.

सुरक्षा: हे प्रत्येक पालकाने वाचावेच

- रॉड आधी पाण्यात बुडवायचा, मग बटण चालू. पाणी तापलं का ते बघायच्या आधी बटण बंद आणि पिन बाहेर. चालू रॉडच्या बादलीत बोट घालून बघण्याची सवय जीवघेणी आहे. मूल आपलं बघूनच तसं करतं.
- रॉड चालू असताना त्या खोलीत मूल एकटं नको. पातळ प्लॅस्टिकची बादली वितळू शकते आणि लोखंडी बादलीला करंट उतरू शकतो.
- घरात अर्थिंग आणि गळती-विद्युत तोडणारं यंत्र आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. गिझरचं झाकण स्वतः उघडू नका.
- गॅस गिझर बंद बाथरूममध्ये नको. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे आत गुदमरणाऱ्याला काही कळतच नाही. ज्योत निळी न राहता पिवळी दिसली तर वापर थांबवा.
- बादलीत आधी गार पाणी, मग गरम. ६० अंशांचं पाणी लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजतं.

सरावासाठी

१. १६ लीटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला १ किलोवॅटच्या रॉडला किती मिनिटे लागतील? (सुमारे २९)

२. २५ लीटरचा, २ किलोवॅटचा गिझर. पाणी २५ अंशांवर आहे. ६० अंशांपर्यंत किती वेळ? (सुमारे ३१ मिनिटे)

३. १० लीटर पाणी ६० अंशांचे आणि ५ लीटर पाणी ३० अंशांचे मिसळले. तापमान किती? त्याने अंघोळ करावी का? (५० अंश. नाही, अजून गार पाणी घाला.)

४. तुमच्या घरची बादली खरोखर किती लीटरची आहे? अंदाज आधी लिहा, मग बाटलीने मोजा.

चौथा प्रश्न आधी द्या. त्याचं उत्तर पुस्तकात नाही, आणि घरचा हिशेब त्याच्याशिवाय सुरूच होत नाही.